पीडीपी-११/३४ए आणि त्याचा स्लेव्ह प्रोसेसर: मशीन सुरू करून फ्लोटिंग पॉइंट बोर्ड कसा तपासायचा

पीडीपी-११/३४ए या सत्तरच्या दशकातल्या मिनिकॉम्प्युटरवर फ्लोटिंग पॉइंटचं, म्हणजे अपूर्णांकी आकडेमोडीचं, उत्तर चुकीचं आलं, की पहिला हात एम ८२६७ या फ्लोटिंग पॉइंट बोर्डावर पडतो. तो उपसून, पुसून पुन्हा बसवतात, मग त्यावरच्या आयसी बदलायला घेतात. हा क्रम उलटा आहे. या बोर्डाला स्वतःची बस नाही, मेमरीकडे जायची स्वतःची वाट नाही. जे काही त्याला मिळतं ते मुख्य सीपीयूच्या हातून मिळतं. त्यामुळे आधी वीज, मग युनिबस (बोर्डांना बांधणारी बस), मग सीपीयू आणि सगळ्यांत शेवटी स्लेव्ह, म्हणजे सीपीयूच्या हुकमावर चालणारा हाच बोर्ड, याच क्रमाने तपासलं तर महिनाभराचं काम दोन-तीन रविवारांत उरकतं.

आधी मशीनची रचना समजून घेऊ. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने पीडीपी-११ मालिका १९७० मध्ये आणली. ११/३४ हे १९७६ चं मॉडेल आणि ११/३४ए ही त्याची सुधारित आवृत्ती. सीपीयू दोन मोठ्या बोर्डांवर आहे: एम ८२६६ वर कंट्रोल आणि मायक्रोकोड, एम ८२६५ वर डेटा पाथ. जुन्या ११/३४ मध्ये याच जागी एम ७२६६ आणि एम ७२६५ असतात, आणि त्या जोडीला फ्लोटिंग पॉइंट बोर्ड चालत नाही. म्हणून खोक्यावर काय लिहिलंय ते न बघता बोर्डांच्या हँडलवरचे नंबर वाचा. आत ‘ए’ची जोडी नसेल तर पुढच्या बऱ्याच मेहनतीला अर्थच उरत नाही.

फ्लोटिंग पॉइंट प्रोसेसर म्हणजे एफपी११-ए, एकच बोर्ड, एम ८२६७. तो सीपीयूच्या बोर्डांना खेटून बसतो आणि बोर्डांच्या वरच्या कडेला लावायच्या कनेक्टरने त्यांना जोडलेला असतो. काम असं चालतं: सीपीयू मेमरीतून सूचना उचलतो. तिचे वरचे चार बिट सगळे १ असतील, म्हणजे अष्टमान पद्धतीत ती १७ ने सुरू होत असेल, तर ती फ्लोटिंग पॉइंटची. मग पत्ता काढणं, मेमरीतून शब्द आणणं, निकाल परत नेऊन ठेवणं हे सीपीयू करतो. गुणाकार, भागाकार, बेरीज स्लेव्ह करतो. स्लेव्हकडे ६४ बिटांचे सहा ॲक्युम्युलेटर, म्हणजे आकडे धरून ठेवायच्या जागा आहेत, एसी० ते एसी५. स्लेव्ह जागेवर नसेल तर सीपीयू हीच सूचना ‘अनोळखी’ समजतो आणि पत्ता १० वरच्या ट्रॅपकडे, म्हणजे गडबड झाल्यावर जायच्या ठरलेल्या जागेकडे वळतो. चाचणीत या ट्रॅपचा आपल्याला फार उपयोग होणार आहे.

मशीनमध्ये तिसरा प्रोसेसरही आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समोरच्या आकड्यांच्या कीपॅडमागचा केवाय११-एलबी कन्सोल, म्हणजे एम ७८५९ बोर्ड, इंटेलच्या ८००८ वर चालतो. सीपीयू थांबलेला असताना मेमरी वाचायची-लिहायची ती याच्यामार्फत. याचा फायदा असा, की सीपीयू मेलेला असला तरी बस आणि मेमरी जिवंत आहे का हे कन्सोलवरून कळू शकतं.

या सगळ्यांना बांधणारी बस म्हणजे युनिबस. ५६ सिग्नल, त्यांत १८ पत्त्याचे आणि १६ डेटाचे. तिला घड्याळ नाही. जो त्या क्षणी मास्टर असतो तो पत्ता लावून एमसिंक खाली ओढतो, आणि ज्याचा पत्ता असेल तो एससिंक खाली ओढून ‘झालं’ असं सांगतो. ठरावीक वेळात एससिंक आला नाही, तर सीपीयू पत्ता ४ वरच्या ट्रॅपकडे जातो. सिग्नल ओपन कलेक्टर आहेत, म्हणजे बोर्ड त्यांना फक्त खाली ओढू शकतो, आणि दोन्ही टोकांना १८० ओहम +५ कडे, ३९० ओहम ग्राउंडकडे अशी टर्मिनेशन आहे. म्हणून निवांत असलेली बस लाइन ३.४ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सतत लागेल.

आता वीज. युनिट अमेरिकेतून आलेलं असेल तर ते ११५ व्होल्टचं असण्याची शक्यता मोठी. मागची प्लेट वाचल्याशिवाय पुण्याच्या २३० व्होल्टवर प्लग लावू नका. प्लेटवर ४७ ते ६३ हर्ट्झ छापलेलं असेल तर ५० हर्ट्झची चिंता नाही, फक्त स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो भोसरीत वाइंडिंगवाल्याकडून बनवून घेता येतो. त्याला केव्हीए सांगताना प्लेटवरच्या अँपिअरच्या दीडपट धरून सांगा. प्लग १६ अँपिअरचा हवा, आणि न्यूट्रल ते अर्थ हा व्होल्टेज आधी मोजून घ्या. पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत अर्थिंग नावापुरतंच सापडतं. न्यूट्रल-अर्थ तीन-चार व्होल्टच्या वर असेल, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

पहिल्यांदा वीज देताना सगळे बोर्ड बाहेर आणि रेग्युलेटरही सुटे करून ठेवायचे. १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून फक्त ट्रान्सफॉर्मर आणि पंखे चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटलेला राहिला तर शॉर्ट आहे. हे करताना सिरीज बल्बवर रेग्युलेटर मात्र जोडू नका. ते स्विचिंग प्रकारचे आहेत, कमी व्होल्टवर जास्त करंट ओढतात आणि फसवी लक्षणं दाखवतात.

मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून असतात. ते सर्किटमधून सोडवून बेंच सप्लायवर एक किलो-ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून हळूहळू त्यांच्या रेटिंगपर्यंत चढवा. कपॅसिटरवरचा व्होल्ट वाढत नसेल, किंवा दोन तासांनंतरही रेझिस्टरवर पाच व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल, म्हणजे गळती पाच मिलीअँपिअरच्या वर असेल, तर तो बदला. नवे कपॅसिटर, पॉवर रेझिस्टर, ७४ मालिकेतल्या साध्या आयसी हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं. युनिबसचे ट्रान्सीव्हर, म्हणजे ८६४१, तिथे मिळतीलच असं नाही. ते बाहेरून मागवताना घासून नवा नंबर छापलेला माल ओळखायला शिका. ॲसिटोनच्या बोळ्याने पुसल्यावर छपाई निघाली, तर तो घेऊ नका.

मग एकेक रेग्युलेटर लोडवर तपासायचा. एच७४४ हा +५ व्होल्ट, २५ अँपिअरचा. एच७४५ हा −१५ व्होल्टचा. +५ साठी एक ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडला की पाच अँपिअर वाहतात आणि २५ वॅट उष्णता निघते. तो फरशीवर ठेवा, लाकडी टेबलावर नको. लोडशिवाय मोजलेलं रीडिंग कामाचं नाही. रेग्युलेटरमध्ये क्रोबार आहे: व्होल्ट वर गेला की एससीआर आउटपुट शॉर्ट करून टाकतो. चालू होता होता लगेच शून्य झालं, तर फ्यूज बघायच्या आधी ॲडजस्टमेंट पॉट खूप वर तर नाही ना, ते बघा.

वीज जमली की बॅकप्लेनवर (ज्यात बोर्ड बसतात त्या स्लॉटच्या पाटीवर) दोन सिग्नल मोजा, वीज कमी पडल्याची खबर देणारे एसी-लो आणि डीसी-लो. दोन्ही निवांत, म्हणजे वरच्या पातळीला असले पाहिजेत. यातला एक जरी खाली अडकला तर सीपीयू सुरूच होणार नाही, आणि तुम्ही निष्कारण मायक्रोकोडमध्ये दोष शोधत बसाल.

बोर्ड घालण्याआधी त्यांची साफसफाई. या मशीनमधला फोम कालांतराने चिकट भुग्यात बदलतो आणि तो भुगा स्लॉटमध्ये शिरतो. व्हॅक्यूमने ओढून घ्या, फुंकर मारू नका. बोर्डाची सोनेरी बोटं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसायची. पॉलिश पेपर आणि शाईचं खोडरबर पूर्ण वर्ज्य, सोन्याचा थर पातळ असतो. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी असते तेव्हा मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधूनच बोर्डाला हात लावा.

पहिल्या खेपेला किमान संच: सीपीयूची दोन बोर्डं, कन्सोलचा एम ७८५९, एक मेमरी, सिरियल पोर्टचा एम ७८५६, बसच्या जवळच्या टोकाला बूट रॉमचा एम ९३१२ आणि दूरच्या टोकाला टर्मिनेशनचा एम ९३०२. फ्लोटिंग पॉइंट बोर्ड अजून बाहेरच. मेमरी बोर्ड घालताना त्याचे व्होल्टेज जंपर आणि स्लॉटचा प्रकार मॅन्युअलशी पडताळा. कोअर (चुंबकी कड्यांच्या) मेमरीसाठी +२० व्होल्ट दिलेल्या स्लॉटमध्ये मॉस (चिपची) मेमरी घातली, तर ती एका क्षणात जाते.

यानंतर येते ती सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक: ग्रँटची, म्हणजे बस वापरायच्या परवानगीची साखळी. इंटरप्टचे चार ग्रँट आणि डीएमएचा (सीपीयूला न विचारता थेट मेमरीशी देवाणघेवाणीचा) एनपीजी हे सिग्नल एका स्लॉटमधून दुसऱ्यात असे पुढे पुढे जातात. मधला स्लॉट रिकामा राहिला तर साखळी तुटते. म्हणून रिकाम्या स्लॉटच्या डी भागात जी७२७ हे छोटं कार्ड बसवायचं. एनपीजीसाठी बॅकप्लेनच्या मागे सीए१ ते सीबी१ अशी एक तार असते. स्लॉटमध्ये डीएमए करणारा बोर्ड असेल तर ती तार काढलेली हवी, नसेल तर लावलेली. कुठल्या तरी जुन्या मालकाने डिस्कचा बोर्ड काढून घेतला आणि तार परत लावायची राहून गेली, हे वारंवार आढळतं. तुटलेल्या साखळीच्या पुढचा भाग वर तरंगतो, एम ९३०२ ला वाटतं ग्रँट आला, तो सॅक (ग्रँट मिळाल्याची पोच) खाली ओढून धरतो आणि मशीन गप्प होतं. म्हणून मशीन कशालाच उत्तर देत नसेल, तर आधी सॅक मोजा. ३.४ ऐवजी ०.५ च्या आत दिसला तर साखळी तुटली आहे. स्लॉट १ कडून निघून ग्रँट लाइन एकेक स्लॉट पुढे मोजत जा. निवांत ग्रँट खाली असतो; जिथे तो पहिल्यांदा वर दिसेल, त्याच्या अलीकडच्या स्लॉटमध्ये दोष.

मशीन जागं झालं की कीपॅडवरून मेमरी तपासा. पत्ता टाइप करून एलएडी (पत्ता लोड) ही कळ, मग आकडा टाइप करून डीईपी (लिही). परत तोच पत्ता, एलएडी आणि एक्झॅम (वाच). १००० या पत्त्यावर ०५२५२५ आणि १२५२५२ हे दोन्ही लिहून वाचा. सगळे आकडे अष्टमान, म्हणजे ८ आणि ९ नाहीतच. एखादा बिट चुकत असेल तर कुठली बस लाइन ते लगेच समजतं, आणि संशय मेमरी किंवा ८६४१ वर जातो.

सिरियलवर लॅपटॉप जोडताना यूएसबी कन्व्हर्टर पुरतो, पण एम ७८५६ वरचे बॉड रेट आणि पॅरिटीचे स्विच आधी वाचा. टर्मिनलवर कचरा अक्षरं आली तर दहापैकी आठ वेळा पॅरिटी चुकलेली असते. एम ९३१२ वर कन्सोल इम्युलेटरची रॉम असेल तर चार अष्टमान आकडे आणि त्यानंतर ॲट-द-रेटची खूण उमटते. तिथे कॅपिटल अक्षरांतच टाइप करायचं. एक खास आपल्याकडची गोष्ट: या मशीनचं लाइन क्लॉक विजेच्या फ्रीक्वेन्सीवर चालतं. ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिस्टिम इथे चालवली तर तिचं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं. हा हार्डवेअरचा दोष नाही, सॉफ्टवेअर ५० हर्ट्झसाठी जनरेट करायचं असतं.

आता स्लेव्हची पाळी. मशीन बंद करून एम ८२६७ त्याच्या जागी बसवा, वरचे कनेक्टर दोन्ही टोकांना सारख्या दाबाने खाली दाबा. तिरके बसले तर काही पिना लागतात, काही नाहीत, आणि मशीन थंड असताना चालून गरम झाल्यावर बिघडतं. चालू केल्यावर +५ पुन्हा मोजा, रेग्युलेटरच्या टोकाला नव्हे तर बॅकप्लेनवर, बोर्डाच्या अगदी जवळ. ४.७५ च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका. ५.० ते ५.१ वर आणा.

आधी ट्रॅपसाठी जाळी लावून ठेवायची, म्हणजे काय बिनसलं ते थांबलेल्या पत्त्यावरून कळेल (२४४ हा स्लेव्हच्या तक्रारीचा ट्रॅप):

४: ०००००६
६: ०
१०: ००००१२
१२: ०
२४४: ०००२४६
२४६: ०

मग हा प्रोग्रॅम १००० पासून. डावीकडे पत्ता, मग शब्द:

१०००: ०१२७०६
१००२: ०००७००
१००४: १७०००१
१००६: १७२४२७
१०१०: ०४०५००
१०१२: १७१०२७
१०१४: ०४०४००
१०१६: १७४०३७
१०२०: ००२०००
१०२२: ००००००

पहिले दोन शब्द स्टॅक ७०० वर ठेवतात. मग सिंगल प्रिसिजन (३२ बिटांची आकडेमोड), एसी० मध्ये ३.०, त्याला २.० ने गुणून निकाल पत्ता २००० वर, आणि हॉल्ट. पत्ता १००० लोड करून कंट्रोल धरून स्टार्ट. मशीन १०२४ दाखवत थांबलं पाहिजे, २००० वर ०४०७०० आणि २००२ वर ०. हे म्हणजे ६.०. यात घातांक १२८ ने वाढवून ठेवलेला असतो आणि अपूर्णांकाचा पहिला बिट लपलेला असतो, म्हणून ३.० हे ०४०५०० असं दिसतं.

१४ वर थांबलं तर सीपीयूला स्लेव्ह दिसतच नाही: वरचा कनेक्टर, बोर्डाची वीज, किंवा सीपीयूची ‘ए’ नसलेली जोडी. १० वर थांबलं तर बसचा टाइमआउट किंवा एखादा टाइप करताना चुकलेला पत्ता. प्रोग्रॅम शब्दशः परत वाचा. २५० वर थांबलं तर स्लेव्ह बोलतोय, पण तक्रार करतोय. १०२४ वर थांबून उत्तर चुकलं, तर बिघाड गणिताच्या मार्गात आहे.

स्लेव्हची तक्रार यंत्रणाही तपासली पाहिजे, कारण ती मुकी असेल तर चुकीची उत्तरं गुपचूप येत राहतात. २४४ मध्ये ००११०० घाला. ११०० वर १७०३३७, ११०२ वर ००२००४, ११०४ वर ०. आता १०१२ वर १७४४२७ आणि १०१४ वर ०, म्हणजे शून्याने भागाकार. पुन्हा १००० पासून चालवा. मशीन ११०६ वर थांबेल. २००४ मध्ये ४ हवा, हा शून्याने भागल्याचा कोड, आणि २००६ मध्ये ००१०१२, म्हणजे चुकलेल्या सूचनेचा पत्ता.

तिसरी चाचणी छोटी पण मला सर्वांत उपयोगी वाटते. २०२० ते २०२६ या चार शब्दांत ०५२५२५ भरा. मग १२०० पासून: १७००११, १७२४३७, ००२०२०, १७४०३७, ००२०३०, ०. ही ६४ बिटांची संख्या स्लेव्हमध्ये नेऊन जशीच्या तशी २०३० वर परत आणते. १२१४ वर थांबल्यावर २०३० ते २०३६ वाचा, मग सगळं १२५२५२ ने पुन्हा करा. चारही शब्द त्याच १६ लाइनांवरून जातात. म्हणून चारही शब्दांत तोच बिट चुकला तर वाट सामाईक आहे: वरचा कनेक्टर, एम ८२६५ चा डेटा पाथ, किंवा स्लेव्हचं प्रवेशद्वार. एकाच शब्दात चुकला तर तो खरोखर एम ८२६७ च्या आतला दोष, आणि आता कुठे सोल्डरिंग आयर्न तापवायला हरकत नाही. आयसी काढताना पाय कापून एकेक उपटा. हे बोर्ड अनेक थरांचे आहेत. आख्खी आयसी ओढली तर छिद्रातला तांब्याचा अस्तर तिच्याबरोबर येतो.

हे तिन्ही प्रोग्रॅम खऱ्या मशीनवर घालण्याआधी लॅपटॉपवर सिमएच या सिम्युलेटरमध्ये चालवून बघा. सीपीयू ११/३४ निवडून एफपीपी चालू करा, मग बंद करून तोच प्रोग्रॅम चालवा; दुसऱ्या वेळी १४ वर थांबलेला दिसेल. कीपॅडवर बोटं बसायलाही त्याची मदत होते.

हाताने केलेल्या चाचण्या पास झाल्या की एक्सएक्सडीपी, म्हणजे डिजिटलचाच तयार चाचण्यांचा संच. दुसरा सिरियल पोर्ट ७७६५०० या पत्त्यावर, व्हेक्टर (इंटरप्टचा पत्ता) ३०० वर लावून लॅपटॉपलाच टीयू५८ टेप ड्राइव्ह बनवा. एम ९३१२ वर त्याची बूट रॉम असेल तर ॲट-द-रेटपुढे डीडी टाइप करून बूट होतं. क्रम असा ठेवा: एफकेएए सीपीयूसाठी, एफकेएबी ट्रॅपसाठी, एफकेएसी पूर्णांकी गुणाकार-भागाकारासाठी, आणि मगच एफएफपीए, एफएफपीबी, एफएफपीसी. लांबलचक फेऱ्या गुरुवारी लावू नका, महावितरणची देखभालीची कपात बहुतेक त्याच दिवशी असते आणि मॉस मेमरीतलं सगळं पुसलं जातं. एफएफपी चाचण्या थंड मशीनवर एकदा आणि दोन तास तापलेल्या मशीनवर एकदा, अशा दोनदा घ्या. फक्त गरम झाल्यावर चुकत असेल, तर एकेका आयसीवर फ्रीझ स्प्रे मारून चूक कुठे थांबते ते पकडा. जून ते सप्टेंबर मशीन बंद राहणार असेल, तर वरचा कनेक्टर काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा आणि एम ८२६७ अँटिस्टॅटिक पिशवीत. पावसाळ्यानंतर पहिलं काम पुन्हा +५ मोजण्याचं, मग सॅक.